दोराच्या त्या टोकाला

आपा, आपलं भांडण मिटलेलं नाही, हे आधी सांगून टाकते.

माणूस गेलं की भांडण सोडून द्यायचं असतं म्हणतात. परवा तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला आले, तेव्हा आतल्या खोलीत तीसेक बायका बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता. सब्र. रझियाआपा बडे सब्रवाले थे. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत, कधी काही मागितलं नाही, भावाच्या घरात राहून भावाच्या खरादीचा दोर ओढत चाळीस वर्षं काढली. मी मान हलवत बसले, कारण तिसऱ्या दिवशी कुणाशी वाद घालत नसतात. पण तुम्ही उलटून बोलायच्या. माझ्याशी तर भरपूर बोलायच्या. आणि शेवटची दोन वर्षं बोलला नाहीत, त्याला सब्र म्हणू नये. आपण रुसलो होतो. तुम्ही आत स्वयंपाकघरात, मी बाहेर दुकानात, मधे बारा पावलं. मी ती एकदा मोजलीही होती, आणि मोजून परत फिरले होते.

तुमच्या गल्लीत मी पहिल्यांदा आले ती मण्यांसाठी. पुंडलिकनगरात माझी बालवाडी. मुलांना ओवायला मोठे लाकडी मणी हवे होते. शहागंजच्या मागच्या बोळात खरादी बसतात, लाकूड गरगर फिरवून त्यावर पटाशी धरतात आणि बाजेचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी, ताकाच्या रव्या करतात, एवढं मला कुणीतरी सांगितलं होतं. तुमच्या भावानं, हनीफभाईंनी, मणी केले ते बोराएवढे. मी परत दिले. दुसऱ्यांदा केले ते देखणे होते, पण तेवढेच लहान.

"मॅडम, इत्ता बडा मोती कौन पहनता?" हनीफभाई म्हणाले.

"गळ्यात घालायचे नाहीत, भाई. मुलं नाकात घालतात. नाकात जाणार नाही एवढा मणी पाहिजे."

त्यांच्यासमोर जमिनीवर बसून दोर ओढणारी बाई फसकन हसली. "तीन बच्चों का बाप है, नाक का माप नै मालूम इसकू," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "टीचर है क्या तुम?"

मी हो म्हणाले. त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी टीचर झाले आणि तुम्ही माझ्यासाठी आपा. अकरा वर्षांत मी तुम्हाला एकही गोष्ट शिकवली नाही. ते पुढं येईलच.

तिसऱ्यांदा मणी नीट झाले, पण मी ते घेऊन लगेच गेले नाही. तुमची खराद बघत बसले. दोन खुंट, त्यांना आतून दोन लोखंडी टोकं, त्या टोकांत आडवं धरलेलं लाकूड. लाकडाला दोराचे दोन वेढे, आणि दोराची दोन्ही टोकं तुमच्या दोन हातांत. उजवा हात ओढला की लाकूड पटाशीकडं फिरायचं, तेव्हा हनीफभाई पटाशी टेकवायचे. डावा ओढला की लाकूड उलटं फिरायचं, तेव्हा पटाशी उचलायची. टेकवा, उचला, टेकवा, उचला. तुम्ही दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतात. मी म्हणाले, मला हे शिकायचंय.

हनीफभाईंना हसू आलं. "मॅडम, ये औरतां का काम नै है."

"मग ह्या कोण?"

त्यांनी तुमच्याकडं असं बघितलं, जसं तुम्ही तिथं बसलाय हे त्यांना तेव्हाच कळलं. "ये? ये तो खेंचते."

हे उत्तर मी आजपर्यंत विसरलेले नाही. तुम्ही मात्र भुसा झटकलात आणि दोर पुन्हा धरलात.

माझी बालवाडी बाराला सुटायची. हनीफभाई एकला जेवायला जायचे आणि तीनपर्यंत आडवे व्हायचे. ते दोन तास खराद रिकामी असायची. तुम्हीच म्हणालात, "आ जाओ. सो रहा है वो. मैं खेंचती, तुम पकडो." असं मी शिकले. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, दुपारच्या उन्हात, दुकानाची एक फळी लावून घेऊन.

माझं पहिलं लाटणं एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक झालं. तुम्ही ते हातात घेऊन फिरवलंत. "इससे आधी रोटी बनेगी, टीचर. बाकी की आधी बाजूवाली के घर में बेलना." मग दोर टाकून तुम्ही पदराआड हसत राहिलात. मी चिडले. तुम्ही नवीन ओंडका चढवलात.

तुम्ही समोरच्या बाजूनं शिकवायच्या. पटाशी माझ्या हातात, पण ती कशी चाललीय हे तुम्हाला माझ्याआधी कळायचं. पटाशी लाकडात रुतायच्या क्षणभर आधी दोर थांबायचा. मी वैतागून विचारायचे, "का थांबलात?" तुम्ही म्हणायच्या, "देखो." मी बघायचे, तर पटाशीचं पातं खाली झुकलेलं असायचं. आणखी अर्धा फेरा झाला असता तर लाकूड उडून माझ्या तोंडावर आलं असतं.

"हे तुम्हाला कसं कळतं?"

"तीस साल एकच गधा पाली तो मालूम नै होना क्या, कब लात मारता?"

दोर कडक लागला की पटाशी जास्त दाबली, दोर घसरला की लाकूड ओलं, हातात कंप आला की गाठ जवळ आली. हे सगळं तुम्ही मला सांगितलंत. हनीफभाईंना यातलं निम्मंही सांगता आलं नसतं, कारण त्यांना ते ठाऊकच नव्हतं. त्याची खात्री मला तुम्ही तापानं पडलात तेव्हा झाली. त्या आठवड्यात हनीफभाईंच्या बायकोनं, भाभींनी, दोर ओढला. रवीचा दांडा जिथं बारीक होतो, ती मान काढण्यात हनीफभाईंचा हात अख्ख्या गल्लीत नावाजलेला. त्या आठवड्यात त्यांनी चार माना मोडल्या आणि चारही वेळा लाकडाला शिव्या दिल्या. मानेपाशी आलं की दोर निम्म्या वेगानं ओढणारं कुणी तिथं बसायचं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. मी तुम्हाला हे सांगायला आले. तुम्ही रजईतून तोंड काढून एवढंच विचारलंत, "चार? सागवान था?"

मग म्हणालात, "उसकू नक्को बोलना."

आपलं पहिलं भांडण तिथलं. तुम्ही म्हणायच्या, घरातली गोष्ट आहे. मी म्हणायचे, कामातली आहे.

दुसरं भांडण फातेहाचं. तुमच्या गल्लीत वर्षातून एकदा जुन्या उस्तादांच्या नावानं फातेहा होते. मलिदा वाटतात. दोन सुतारांची घरं आहेत, तीही येऊन बसतात. नवं माणूस स्वतःचा माल विकायला लागणार असेल तर त्या दिवशी त्याला उभं करतात आणि गल्लीतला सगळ्यात म्हातारा कारागीर त्याची एक वस्तू हातात घेऊन विचारतो, "हाथ किसका?" उभं राहिलेल्यानं आपल्या उस्तादाचं नाव सांगायचं. बस, एवढंच. त्यानंतर त्याचा माल कुणी अडवत नाही. लाकूडवाला लाकूड देतो, लाख विकणारा रंगवायची लाख देतो. तोवर कुणीही काहीही देत नाही, हे मी तीन वर्षं अनुभवलं होतं.

माझी बालवाडीची खेळणी आता दुसऱ्या बालवाड्यांत जायला लागली होती. मला लाकूड हवं होतं. आदल्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले, "मी तुमचं नाव सांगणार."

तुम्ही हातातला तांदूळ निवडत राहिलात. "मेरा नाम ली तो हंसेंगे. खेंचनेवाली का हाथ रहता क्या? हनीफ का नाम लेना."

"त्यांनी मला एक दिवसही शिकवलं नाही."

"तो क्या हुआ? खराद उसकी है." मग जरा थांबून म्हणालात, "तुमकू लकडी होना ना? फिर?"

मी व्यवहारी बाई आहे. मला लाकूड हवं होतं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या वजीरचाचांनी माझा एक लट्टू हातात घेतला, डोळ्यांपाशी नेला आणि विचारलं, "हाथ किसका?" तुम्ही दाराच्या पडद्याआड बायकांत होतात. पडद्याखाली तुमच्या चपला मला दिसत होत्या, अंगठा तुटलेल्या, दोरानं बांधलेल्या. मी म्हणाले, "हनीफभाईंचा." सगळ्यांनी मान डोलावली. हनीफभाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि मला मलिदा दिला. तुमच्या चपला हलल्या नाहीत.

आपा, मी यासाठी तुमच्यावर चिडून आहे. तुम्ही मला ते बोलायला लावलंत. आणि स्वतःवर जास्त चिडून आहे, कारण तुम्ही एकदा सांगितलंत आणि मी लगेच ऐकलं. इतर कुठली गोष्ट मी तुमची इतक्या लवकर ऐकली होती?

मोटार मी आणली. गल्लीत हनीफभाईंचं नाव घेतात, पण ती माझी खटपट होती. वाळूजच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुनी मोटार उचलून आणली, पट्टा बसवला, खराद फिरवून घेतली. कारण विचारलं तर सांगायचे, आपांचा खांदा गेलाय. खरंच गेला होता. तुमचा उजवा हात कानापर्यंतसुद्धा जात नव्हता, भाभी तुमची वेणी घालायच्या. पण खरं कारण ते नव्हतं, हे इथं लिहिते. चार बालवाड्यांची मागणी होती आणि तुमच्या दोराच्या वेगानं ती होणार नव्हती. खांदा सोबतीला बरा मिळाला.

मोटार सुरू केली त्या दिवशी दुकानात पाच-सहा जण जमले होते. लाकूड एकाच दिशेनं सुसाट फिरायला लागलं. तुम्ही नेहमीच्या जागी बसला होतात, मांडीवर दोर. आता त्या जागेला काहीच काम नव्हतं. मला वाटलं, ही वेळ आहे. मी हनीफभाईंच्या हातातली पटाशी घेतली आणि सगळ्यांसमोर तुमच्यापुढं धरली.

"घ्या, आपा. आता ओढायचं नाही. आता धरा."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "टीचर, इस उमर में मेरा तमाशा बनाते क्या?"

"तमाशा कसला? तुम्हाला सगळं येतं. इथं बसलेल्या कुणाहीपेक्षा जास्त येतं."

हनीफभाई गोरेमोरे झाले. कुणीतरी हसलं. तुम्ही म्हणालात, "मेरेकू खेंचना आता. बस."

आणि मी म्हणाले, ते शब्द मला आजही तोंडात लागतात. "मग काय, जन्मभर दोरच राहणार तुम्ही."

तुम्ही उठलात. खांद्यामुळं तुम्हाला उठायला वेळ लागायचा, कुणीही हात दिला नाही, मीही नाही. तुम्ही दोर गुंडाळलात आणि आत गेलात. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तो दोर अंगणात दोन भिंतींमधे बांधलेला होता आणि त्यावर हनीफभाईंचे पायजमे वाळत होते. उत्तर द्यायची ती तुमची पद्धत होती. मला ती कळली, आणि मला तिचा राग आला.

त्यानंतर एक गोष्ट झाली, तिचा तुमच्याशी काही संबंध नाही असं मी परवापर्यंत धरून चालले होते. मोटारीवर माझी लाटणी बिघडायला लागली. बोटाबोटाच्या अंतरावर एक चर, एक उंचवटा, पुन्हा चर. दुरून बघितलं तर कुणी दोरा गुंडाळल्यासारखं दिसायचं. हनीफभाईंचंही तेच. त्यांची बघून गल्लीत ज्यानं ज्यानं मोटार घेतली, त्या सगळ्यांचं तेच. कुणी म्हणायचं पटाशी बोथट आहे, कुणी म्हणायचं मोटार हलते. पंधरा दिवस अख्खी गल्ली मोटारीला दोष देत होती.

बजाजनगरात एक फिटर होता, शिंदे नावाचा. त्याला मोटार तपासायला बोलावलं. त्यानं मोटारीला हातच लावला नाही. माझ्याकडं दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही हात कामून उचलायलात?"

"कुठं उचलते?"

"ह्ये बघा. लावलात. उचललात. लावलात. उचललात. लाकूड काय वापस येऊ लागलंय का?"

आम्ही सगळे दोराची वाट बघत होतो, आपा. मोटार एकाच बाजूला फिरत होती आणि आमचे हात उलट्या फेऱ्यासाठी आपसूक वर जात होते. कुणालाच हे दिसलं नव्हतं, कारण सगळेच करत होतो. शिंदेनं माझा डावा अंगठा पटाशीच्या पाठीवर दाबून धरला आणि म्हणाला, "हा उचलायचा नाय. लई सोपं हाय." एका दुपारी सवय मोडली. मग मी हनीफभाईंना दाखवलं. त्यांच्या शेजारच्याला दाखवलं. महिनाभरात पूर्ण गल्लीला दाखवलं, वजीरचाचांनासुद्धा. ज्यांनी मला तीन वर्षं लाकूड दिलं नाही, त्यांच्याही अंगठ्यावर मी अंगठा ठेवला.

तुम्हाला दाखवलं नाही. तुम्ही आत होतात. तुम्हाला काय गरज, असं मी मनाशी म्हणाले.

दोन वर्षं मी आठवड्यातून दोनदा तुमच्या दुकानात येत राहिले. चहा आतून यायचा. भाभी आणायच्या. बिनसाखरेचा, आलं ठेचलेला, कपाऐवजी ग्लासात, कारण मला कप आवडत नाही. हे भाभींना माहीत नव्हतं. मला कळत होतं तो कुणाच्या हातचा आहे. मी पिऊन ग्लास खाली ठेवायचे आणि निघायचे. एवढं बोलणं आपल्यात चालू होतं. मला वाटायचं, तेवढं पुरेल. अजून बराच वेळ आहे.

वेळ नव्हता. हनीफभाईंचा फोन आला तेव्हा मी बालवाडीत मुलांना हात धुवायला रांगेत उभं करत होते. मी रांग पूर्ण केली. मग निघाले. मी पोचेपर्यंत तुम्हाला घेऊन गेले होते. बायका कब्रस्तानात जात नाहीत म्हणे, त्यामुळं लवकर पोचले असते तरी काही फरक पडला नसता.

आणि परवा, तिसऱ्या दिवशी, सब्र ऐकून ऐकून मी अंगणात उठून आले. दोर अजून तिथंच बांधलेला होता. भाभी कोपऱ्यातल्या चुलीवर पाहुण्यांच्या चहाचं पाणी उकळत होत्या आणि जाळात लाकडं सारत होत्या. त्यातलं एक लाकूड गोल होतं. मी वाकून बघितलं. लाटणं होतं. बोटाबोटाच्या अंतरावर चर.

"भाभी, हे कुणाचं?"

"जलाने का है टीचर. रोटी पे लकीरां आते इससे." त्यांनी बाजूचं पोतं दाखवलं. पोत्यात तशीच आणखी होती. आठ, दहा.

"केलं कुणी हे?"

भाभींनी दुकानाकडं बघितलं, मग चुलीकडं. "आपा करते थे. जुम्मे कू. सब मर्दां नमाज कू गए की मशीन चालू करते थे."

दर शुक्रवारी. गल्लीतल्या सगळ्या मोटारी बंद, फक्त एक चालू. सगळ्या घरांतल्या बायकांना ती ऐकू येत असणार. एकीनंही कुठं सांगितलं नाही, आणि परवा त्याच बायका आत बसून सब्र म्हणत होत्या. मी एक लाटणं हातात घेऊन उलटसुलट केलं. लाकूड सरळ होतं. दोन्ही टोकं सारखी. माझ्या पहिल्या लाटण्यापेक्षा कितीतरी चांगलं काम. फक्त ते चर. तुमचा हात उचलत होता, आपा. चाळीस वर्षं ज्या उलट्या फेऱ्याला तुम्ही उजवा हात सैल सोडत होतात, त्या फेऱ्याला तो वर जात होता. आणि तुम्ही दर शुक्रवारी नवं लाकूड घेऊन पुन्हा बघत होतात की चूक कुठं होतेय.

मी दुकानात हनीफभाईंपाशी गेले. ते खाली मान घालून बसले होते. मी लाटणं त्यांच्यापुढं धरलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मोटार गरम मिलती थी," ते म्हणाले. "जुम्मे कू आया तो हात लगाको देखता था मैं."

"मग अंगठ्याचं सांगितलं का नाही? मी तुम्हाला दाखवलं होतं."

ते मान वर न करता "पूछे नै वो," म्हणाले. मग म्हणाले, "मेरेकू लगा तुमकू पूछेंगे."

आणि तुम्ही मला विचारलं नाहीत. का विचारावं? दोर म्हणाले होते मी तुम्हाला. तुम्हाला वाटलं असेल, ही हसेल. किंवा वाटलं असेल, एक नीट झालं की मग चहाच्या ग्लासाबरोबर बाहेर पाठवू. हे मला आता कुणी सांगणार नाही. तुमची जिद्द मला मान्य आहे, पण तिचा उपयोग काय झाला, सांगा. कितीतरी लाटणी चुलीत गेली. तुम्ही विचारलं नाहीत, भावानं सांगितलं नाही, आणि जिनं अख्ख्या गल्लीला शिकवलं ती बारा पावलं चालली नाही. तिघांनी मिळून केलेलं काम आहे हे. नीट झालंय.

वजीरचाचा शेजारीच खुर्चीवर होते. त्यांना आता फारसं दिसत नाही. त्यांनी हात पुढं केला, मी लाटणं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक चरावर अंगठा थांबवत. मग सवयीनं विचारलं, "हाथ किसका?"

दुकानात माणसं होती. हनीफभाईंनी मान वर केली.

"रझियाआपांचा," मी म्हणाले. "आणि माझाही हात त्यांचाच आहे, चाचा. त्या दिवशी मी खोटं बोलले होते."

कुणी हसलं नाही. कुणी मान डोलावली, असंही नाही. वजीरचाचांनी लाटणं परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "रस्सी का हाथ है." एवढंच. मला वाटलं होतं, हे बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ज्या दिवशी बोलायला हवं होतं, त्या दिवशी तुम्ही पडद्यामागं उभ्या होतात. परवा पडद्यामागं कुणी नव्हतं.

बाकीची लाटणी मी चुलीत जाऊ दिली. बिघडलेला माल घरात ठेवू नये, हे तुमचंच म्हणणं. एक मात्र आणलं. पूर्ण न जळालेलं, एका टोकाला काळं झालेलं. ते इथं, मी घरी बसवलेल्या मोटारीशेजारी ठेवलंय. काल काम करताना एकदा माझाही हात उचलला गेला, इतक्या दिवसांनी. मी मोटार बंद केली.

ऐका आता, आपा. मोटारीवर लाकूड परत येत नाही. ते एकाच बाजूला फिरत राहतं, त्याची वाट बघायची नाही. पटाशी टेकवायची, डावा अंगठा तिच्या पाठीवर असा दाबून धरायचा आणि शेवटच्या टोकापर्यंत तो उचलायचा नाही. हात वर जायला बघेल. जाऊ द्यायचा नाही. बाकी सगळं तुम्हाला येत होतं.

पाच मिनिटांचं काम होतं.